मॉनिटर वाजला, पण रेडॉनमुळे की खऱ्या संदूषणामुळे? अणुवीज केंद्रातील अंगावरच्या मोजणीसाठी मार्गदर्शन

शटडाऊनच्या, म्हणजे अणुभट्टी बंद ठेवून केल्या जाणाऱ्या दुरुस्तीच्या, कामासाठी तारापूरच्या किंवा कैगाच्या अणुवीज केंद्रात जाण्याआधी सातारा, कराड आणि विट्याकडचे काही फिटर आणि वेल्डर माझ्याकडे येऊन जातात. मी अणुवीज केंद्रांच्या हेल्थ फिजिक्स, म्हणजे किरणोत्सारापासून कामगारांचे रक्षण पाहणाऱ्या, विभागात नोकरीची वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात स्थायिक झालो, हे त्यांना कुणाकडून तरी कळलेले असते. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "काका, बाहेर पडताना मॉनिटर वाजला तर काय होतं?" मॉनिटर म्हणजे दारातले, अंगावरचा किरणोत्सार मोजणारे यंत्र. या प्रश्नामागे किरणोत्साराची भीती कमी आणि पास रद्द होण्याची, रोजगार बुडण्याची भीती जास्त असते, आणि त्या भीतीपोटी माणूस चुकीच्या गोष्टी करतो. तो टोपी खिशात लपवतो, शर्टाच्या बाहीने बूट पुसतो किंवा दुसऱ्या रांगेत जाऊन पुन्हा नशीब आजमावतो. म्हणून हे मार्गदर्शन जसे त्यांच्यासाठी आहे तसेच मॉनिटरच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या तरुण तंत्रज्ञांसाठीही आहे. मॉनिटरच्या पुष्कळशा अलार्मांचे कारण केंद्रातील संदूषण, म्हणजे अंगाला किंवा कपड्याला चिकटलेले तिथले किरणोत्सारी द्रव्य, नसून हवेतला नैसर्गिक रेडॉन असतो, हे त्या तंत्रज्ञांना शिकवलेले असते. मात्र "पुष्कळशा" या शब्दावर विसंबून राहिल्यामुळे जे चुकते, ते नंतर निस्तरणे कठीण जाते. रेडॉन हा निष्कर्ष आहे आणि तो प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावा लागतो. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

रेडॉन कपड्यांवर चढतो कसा

जमिनीत आणि काँक्रीटमध्ये अत्यल्प प्रमाणात युरेनियम असते, त्याच्या क्षयातून रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन-२२२ हा वायू सुटतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, ३.८२ दिवसांचे असल्यामुळे खडकाच्या भेगांतून वर येऊन हवेत मिसळायला त्याला पुरेसा अवधी मिळतो. हा वायू स्वतः कपड्याला चिकटत नाही. चिकटतात ती त्याच्या क्षयातून निर्माण होणारी घन मूलद्रव्ये. आधी पोलोनियम-२१८ तयार होते व त्याचे अर्धायुष्य सुमारे ३ मिनिटे असते, मग शिसे-२१४ येते व त्याचे २७ मिनिटांच्या आसपास असते, त्यानंतर बिस्मथ-२१४ येते व त्याचे सुमारे २० मिनिटे असते, आणि शेवटी पोलोनियम-२१४ येते, जे सेकंदाच्या एका सूक्ष्म अंशात अल्फा कण फेकून मोकळे होते. जन्मतःच या अणूंपैकी बहुतेकांवर धन प्रभार असतो, आणि म्हणून स्थिर विद्युत, विशेषतः ऋण प्रभार, साठलेली वस्तू त्यांना हवेतून ओढून घेते.

साताऱ्यात हे मी फुग्याने दाखवतो. साधा रबरी फुगा फुगवून लोकरीच्या मफलरवर चांगला घासायचा, दारे-खिडक्या बंद केलेल्या तळमजल्याच्या खोलीत दोऱ्याने अर्धा-पाऊण तास टांगून ठेवायचा, मग त्यातली हवा काढून टाकायची आणि आक्रसलेले रबर गायगर काउंटरच्या खिडकीपुढे धरायचे. आत्तापर्यंत संथपणे टिकटिकणारा काउंटर एकदम भराभर वाजू लागतो आणि समोर बसलेली मुले खुर्ची मागे सरकवतात. त्यांना मी तिथेच बसायला सांगतो, कारण खरा धडा पुढच्या दोन तासांत मिळतो : दर पंधरा मिनिटांनी तेच रबर पुन्हा मोजायचे आणि आकडा कागदावर लिहायचा. संध्याकाळपर्यंत ते रबर पुन्हा साधे रबर झालेले असते.

आपल्याकडच्या खडकाबद्दल इथे थोडे सांगायला हवे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम फार कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते त्याच्या कितीतरी पट असते. कोयना परिसरात घेतलेल्या खोल विंधनछिद्रांतून बेसाल्टच्या थरांखाली ग्रॅनाइटच असल्याचे दिसले आहे, पण तो इतका खोल आहे की आपल्या घरांवर त्याचा परिणाम होत नाही. अशा कमी रेडॉनच्या प्रदेशातही घासलेला फुगा काउंटर वाजवून दाखवतो, तर बंद कंटेनमेंटमध्ये, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीत, चार तास काम करून आलेल्या माणसाचे पॉलिएस्टरचे बनियन मॉनिटर का वाजवणार नाही, हा प्रश्न मग मुलांना वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे अभियंते स्टॅनली वॉट्रस यांच्यामुळे मॉनिटर वारंवार वाजू लागला. शोध घेताना लक्षात आले की केंद्राबाहेर पडतानाच नव्हे, तर सकाळी घरून येऊन आत शिरतानाही तो वाजतो. मग त्यांच्या घराची तपासणी झाली आणि हवेतील रेडॉन घनमीटरला सुमारे १,००,००० बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन) इतका निघाला. जागतिक आरोग्य संघटना घरांसाठी १०० बेकरेलची संदर्भ पातळी सुचवते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. आपल्या कामासाठी यातून घ्यायची गोष्ट अगदी व्यवहाराची आहे : आत जाताना केलेली मोजणी बाहेर पडतानाच्या मोजणीइतकीच मोलाची असते, आणि ज्या केंद्रात ती होत नाही तिथे निदान वारंवार अलार्म येणाऱ्या माणसाची तरी प्रवेशाच्या वेळी मोजणी करावी.

आधी यंत्राकडे पाहावे, मग माणसाकडे

अलार्म झाला की सर्वांच्या नजरा समोर उभ्या असलेल्या माणसाकडे वळतात. त्याआधी तंत्रज्ञाने मॉनिटरच्या बॅकग्राउंडकडे पाहावे. दारात कुणी नसताना मॉनिटर सभोवतालची मोजणी करून ठेवतो, पुढे माणूस उभा राहिला की त्याच्या मोजणीतून ती वजा करतो आणि उरलेला आकडा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वाजतो. खोलीतला रेडॉन स्थिर राहिला तर ही वजाबाकी बरोबर येते, पण तो स्थिर राहत नाही.

समजा, बॅकग्राउंडच्या मोजणीत १०,००० काउंट, म्हणजे डिटेक्टरने टिपलेल्या नोंदी, आले. अशा मोजणीतली नैसर्गिक चढउतार तिच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १०० काउंटांची असते. आता दोन मोजण्यांच्या दरम्यान खोलीतल्या रेडॉनमुळे बॅकग्राउंड फक्त ५ टक्क्यांनी वाढला, तर ५०० काउंट जास्त येतील आणि हे ५०० काउंट म्हणजे त्या चढउतारीच्या पाचपट झाले. माणसाचे शरीर बॅकग्राउंडचा काही भाग अडवते हे खरे, तरीही अशा वेळी एकामागून एक स्वच्छ माणसे अलार्म देऊ लागतात. रांगेतल्या तिघा-चौघांना ओळीने आणि शरीराच्या वेगवेगळ्या जागी अलार्म आला, तर माणसे तिथेच थांबवून बॅकग्राउंड नव्याने घ्यावा.

याची उलट बाजू अधिक गंभीर आहे आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. चढलेला बॅकग्राउंड यंत्राने साठवून ठेवला आणि त्यानंतर रेडॉन उतरला, तर वजाबाकी गरजेपेक्षा जास्त होते आणि खरे संदूषण अंगावर असलेला माणूस शांतपणे बाहेर निघून जातो. म्हणून बॅकग्राउंडला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा असाव्यात आणि त्यांपैकी एक ओलांडली गेली की मॉनिटरने माणूस स्वीकारू नये, अशी मांडणी करून घ्यावी. वारंवारच्या अलार्मांना कंटाळून अलार्मची मर्यादा वर सरकवणे हा उपाय मी कुठेही मान्य केला नाही, आणि कुणी तसे सुचवले तर तुम्हीही मान्य करू नये.

बॅकग्राउंड कधी चढेल याचा अंदाज बांधता येतो. हिवाळ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावर उभे राहिले तर शहरातल्या चुलींचा आणि वाहनांचा धूर वर न जाता घरांच्या छपरांवर एका सपाट थरात पसरलेला दिसतो. गळिताच्या हंगामात सांगली-कराडकडे कारखान्यांच्या धुराड्यांचा धूरही पहाटे असाच खाली रेंगाळतो. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडली गेल्यामुळे हे घडते, आणि त्या धुराबरोबर जमिनीतून सुटलेला रेडॉनही तिथेच कोंडला जातो. ऊन तापले की दोन्ही पांगतात. त्यामुळे पहाटे संपणारी पाळी आणि सकाळी सुरू होणारी पाळी या दोन्हींच्या वेळी रेडॉनचे अलार्म अधिक येतात. पावसाचा परिणाम वेगळ्या प्रकारचा असतो. हवेतली शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाच्या थेंबांबरोबर खाली येतात, उघड्यावरचा बॅकग्राउंड काही काळ चढतो आणि पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत उतरतो. चिंब झालेले रेनकोट, छत्र्या आणि बुटांचे तळवे घेऊन माणसे दारात आली की पायांचे डिटेक्टर वाजतात. कैगासारख्या सह्याद्रीतल्या केंद्रात काम करणाऱ्याने पावसाळ्यात ही गोष्ट मनात पक्की ठेवावी. यांशिवाय वायुवीजन बंद पडण्याची किंवा कमी करण्याची प्रत्येक वेळ, तळघरे, केबलचे बोगदे, आणि प्लास्टिकच्या चादरींनी बांधलेले कामाचे तंबू या सर्वांची नोंद मॉनिटरजवळच्या फलकावर रोज लिहिलेली असावी.

अलार्मनंतरचा पहिला तास

माणसाला बाजूला घ्यावे, पण नियंत्रित क्षेत्राच्या आतच ठेवावे. "बाहेर मोकळ्या हवेत जाऊन ये, उतरेल" असे म्हणणे म्हणजे ज्याची तपासणी करायची तीच वस्तू दाराबाहेर पाठवणे होय. त्याला बसायला जागा द्यावी आणि आता काय होणार आहे ते त्याच्या भाषेत सांगावे : तुझ्या कपड्यावर काहीतरी मोजले गेले आहे, ते हवेतले नैसर्गिक असू शकते किंवा केंद्रातले असू शकते, काही तासांत आपल्याला कळेल आणि तोवर तुझी काहीही चूक धरलेली नाही. ही दोन वाक्ये बोलायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्यामुळे लपवाछपवीचा मोह बहुतांशी संपतो.

त्यानंतर हातातल्या काउंटरने डोक्यापासून बुटांपर्यंत सावकाश तपासणी करावी आणि काउंट कुठे आहेत ते शरीराच्या छापील आकृतीवर मांडावे. रेडॉनची अपत्ये, म्हणजे त्याच्या क्षयातून झालेली घन मूलद्रव्ये, पसरून बसतात. ती केसांत, हेल्मेटवर, खांद्यांवर, पाठीवर आणि कृत्रिम धाग्याच्या कपड्यावर जवळपास सगळीकडे थोडी थोडी सापडतात. केंद्रातले संदूषण मात्र ज्या जागेचा स्पर्श झाला तिथे, म्हणजे तळहात, गुडघे, कोपर, बुटांचे तळवे किंवा बसण्याची जागा अशा ठिकाणी ठिपक्यासारखे सापडते. डिटेक्टर दोन बोटे सरकवला की काउंट निम्म्याने घसरत असतील, तर त्या जागेबद्दल रेडॉन हा शब्द उच्चारण्याची घाई करू नये. ही खूण मदतीची आहे, पुरावा नव्हे. हेल्मेटच्या कडेला साठलेला रेडॉनही कधी कधी ठिपक्यासारखा दिसतो.

दुसरी खूण अल्फा कणांची आहे. पातळ खिडकीच्या गायगर काउंटरने मोजावे, मग डिटेक्टर आणि कपडा यांच्यामध्ये जाडसर कागद धरून पुन्हा मोजावे. अल्फा कण कागदात अडतात, बीटा कण पार होतात. त्यामुळे कागद धरल्यावर काउंट स्पष्टपणे घटले तर अल्फा आहेत असे समजावे. चालू केंद्रातले नेहमीचे संदूषण म्हणजे कोबाल्ट-६०, कोबाल्ट-५८, मँगनीज-५४, सिझियम-१३७ आणि यांसारखी समस्थानिके असतात व ती अल्फा देत नाहीत, म्हणून अल्फा दिसले की रेडॉनची शक्यता वाढते. तरीही दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते. कपडा घामाने ओला असेल तर अल्फा त्या ओलाव्यातच अडतात आणि रेडॉन असूनही ते दिसत नाहीत. उलट इंधनाच्या नळ्या फुटलेल्या असतील किंवा काम इंधनाशी निगडित असेल, तर प्लुटोनियम आणि अमेरिशियम यांच्यापासूनही अल्फा येतात, आणि तसे असेल तर ती केंद्रात घडू शकणाऱ्या सर्वांत गंभीर संदूषणांपैकी एक बाब असते. म्हणून अल्फा दिसले की माणसाच्या कामाची जागा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निर्णायक पुरावा काळ देतो. अलार्म आलेली वस्तू काढता येण्याजोगी असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून चिठ्ठी लावावी आणि तीच वस्तू, त्याच काउंटरने, तितक्याच अंतरावरून, तितकाच वेळ ठरावीक काळाने मोजावी. या ठिकाणी नवशिके तंत्रज्ञ एका गैरसमजामुळे फसतात. "रेडॉनचे अर्धायुष्य अर्धा तास" असे त्यांनी ऐकलेले असते, म्हणून अर्ध्या तासाने काउंट निम्मे झाले नाहीत की ते संदूषण असल्याचे लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात शिसे-२१४ विघटित होऊन बिस्मथ-२१४ तयार होत राहते, त्यामुळे सुरुवातीला बिस्मथची घट भरून निघत जाते. शिसे आणि बिस्मथ समतोलात असतील तर बीटा काउंट पहिल्या अर्ध्या तासात सुमारे दोन तृतीयांशांपर्यंतच उतरतात, एका तासाने एक तृतीयांशापेक्षा थोडे जास्त उरतात, दीड तासाने सहाव्या हिश्श्याच्या जवळ येतात, दोन तासांनी एक अकरांश आणि तीन तासांनी शेकडा दोनच्या आसपास राहतात. माणूस रेडॉनच्या हवेतून नुकताच बाहेर आला असेल आणि पोलोनियम-२१८ ताजे चिकटलेले असेल, तर पहिली काही मिनिटे काउंट जागचे हलत नाहीत किंवा किंचित वाढतातही. म्हणून निव्वळ काउंट, म्हणजे बॅकग्राउंड वजा जाऊन उरलेले, ०, ३०, ६० आणि ९० मिनिटांनी नोंदवावेत आणि कागदावर वक्ररेषा काढावी. पहिल्या वेळी १,००० काउंट असतील तर तासाभराने साधारण ३५० आणि दीड तासाने १८० च्या आसपास येणे हे रेडॉनचे लक्षण आहे. काउंट याहून लवकर उतरले तरी काळजी नाही. याहून हळू उतरले तर थांबावे.

वक्र कुठे जाऊन टेकतो, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. एका केंद्रात माझ्या पाळीत असे घडले होते की एका फिटरच्या कापडी टोपीवर अलार्म आला, काउंट तासाभरात चांगले निम्म्याखाली उतरले आणि माझ्या आधीच्या तंत्रज्ञाने वहीत रेडॉन असे लिहून टोपी परत देण्याची तयारी केली. मी पाळी घेताना ती टोपी पिशवीतच ठेवायला सांगितली, कारण उतरण्याची गती बरोबर असली तरी ती शून्याकडे जाते आहे असे आकड्यांवरून वाटत नव्हते. तीन तासांनी काउंट एका जागी थांबले. टोपीच्या शिवणीत, कपाळाला जिथे घाम येतो नेमकी त्या जागी, कोबाल्ट-६० चा एक बारीक कण सापडला. रेडॉन खराच होता, आणि त्याच्या आड तो कण बसलेला होता. ती टोपी त्या फिटरच्या डोक्यावर दिवसभर बसली असती तर कपाळाच्या त्वचेचा एकच बिंदू सतत मार खात राहिला असता. तेव्हापासून माझा नियम असा आहे की काउंट निम्मे झाले म्हणून वस्तू परत द्यायची नाही. बॅकग्राउंडमध्ये मिसळून गेले तरच द्यायची.

अंगावर, केसांत किंवा त्वचेवर अलार्म असेल आणि माणसाला तीन तास बसवणे शक्य नसेल, तर चिकटपट्टीचा तुकडा त्या जागी हलकेच दाबून उचलावा आणि त्याची स्वतंत्रपणे मोजणी करत राहावी. त्या पट्टीवरचे काउंट कसे उतरतात त्यावरून अंगावर काय आहे याचा पुष्कळसा बोध होतो. मात्र पट्टी उचलल्यावर अंगावर काय उरले तेही मोजावे, आणि ते बॅकग्राउंडला येईपर्यंत माणसाला सोडू नये. धुवायचे असल्यास कोमट पाणी, साधा साबण आणि हाताचा तळवा यांपलीकडे काही वापरू नये. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मजुराचा हात ब्रशने घासून लाल केलेला मी पाहिला आहे. घासणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण हातावर होता तो रेडॉन, जो दोन तासांत आपोआप गेला असता, आणि तिथे खरे संदूषण असते तर खरवडलेल्या त्वचेतून ते शरीरात शिरण्याची वाट ब्रशने मोकळी करून दिली असती. त्या हाताची आठवण मला अजूनही अस्वस्थ करते.

दीड तासाने काउंट अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत तर

सर्वप्रथम थोरॉनचा विचार करावा. थोरियमच्या साखळीतला हा रेडॉन-२२० वायू ५६ सेकंदांतच निम्मा होतो, पण त्याचे अपत्य शिसे-२१२ याचे अर्धायुष्य १०.६ तासांचे असते, म्हणजे एका तासात ते फक्त ६ टक्क्यांनी घटते. केवळ दोन तासांची मोजणी पाहणाऱ्याला ते केंद्रातल्या संदूषणासारखेच दिसते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूत थोरियम विपुल आहे. आपल्या बेसाल्टमध्ये ते थोडेच असते, पण केंद्राच्या बांधकामात कोणता खडक आणि कोणती वाळू वापरली आहे ते स्थानिक लोकांकडून समजून घ्यावे. थोरॉन सिद्ध करण्यासाठी वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत बंद करून ठेवून पुन्हा मोजावी लागते, किंवा गॅमा वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण येतात ते दाखवणाऱ्या आलेखाचा, आधार घ्यावा लागतो.

वर्णपटात रेडॉनची ओळख शिसे-२१४ च्या २९५ आणि ३५२, तसेच बिस्मथ-२१४ च्या ६०९, १,१२० आणि १,७६४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या रेषांनी होते. थोरॉनची २३९, ५८३ आणि २,६१५ या रेषांनी होते. कोबाल्ट-६० च्या १,१७३ आणि १,३३२ या दोन रेषा सहज वेगळ्या दिसतात. अडचण सिझियम-१३७ ची आहे, कारण त्याची रेषा ६६२ वर असते आणि सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरमध्ये त्या भागातला शिखर ४५ ते ५० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट इतका रुंद असतो. ६०९ आणि ६६२ यांत अंतर फक्त ५३ आहे, म्हणून कमी काउंट असताना एकाचे शिखर दुसऱ्याच्या अंगावर जाते. अशा वेळी ६०९ च्या शिखराबरोबर ३५२ चे शिखर आहे की नाही हे पाहावे. ३५२ जवळपास तेवढेच ठळक दिसायला हवे. ते नसेल आणि ६०० ते ७०० दरम्यान एकच शिखर दिसत असेल, तर सिझियम मानून चालावे. मोजणीच्या खोलीत जर्मेनियमचा डिटेक्टर उपलब्ध असेल तर हा प्रश्नच उरत नाही, कारण त्याची रेषा जेमतेम दोन किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट रुंद असते. ३५२ बद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : थायरॉइडच्या उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ ची मुख्य रेषा ३६४ वर असते आणि सोडियम आयोडाइडमध्ये ती ३५२ पासून वेगळी पडत नाही. म्हणून ज्याची मोजणी उतरत नाही त्याला अलीकडे रुग्णालयात कोणती तपासणी किंवा उपचार झाला आहे का, हे एकांतात आणि आदराने विचारावे. हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनसाठी दिलेले टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मे होते आणि १४० ची रेषा दाखवते. अशा माणसाच्या कपड्यांवर नव्हे तर शरीरात काउंट असतात, आणि कपडे बदलूनही ते कमी होत नाहीत.

हवेचे नमुने घेणाऱ्यांनी हाच क्रम फिल्टर कागदासाठी वापरावा. ताज्या फिल्टरवर रेडॉनची अपत्ये साठलेलीच असतात आणि त्यांच्या अल्फा काउंटांमुळे क्षणभर धस्स होते. चार-पाच तासांनी पुन्हा मोजले की रेडॉन गेलेला असतो आणि तीन दिवसांनी मोजले की थोरॉनही गेलेला असतो. तातडीचा निर्णय हवा असेल तर वाट न पाहता वर्णपट घ्यावा.

अलार्म मुळातच कमी यावेत यासाठी

कामावर जाणाऱ्यांना माझी विनंती अशी आहे की आतले कपडे सुती घालावेत. बाजारात मिळणारे चमकदार पॉलिएस्टरचे टी-शर्ट आणि नायलॉनचे ट्रॅक सूट स्वस्त असतात, लवकर वाळतात आणि म्हणून शटडाऊनला जाणाऱ्यांच्या बॅगेत हटकून असतात. पण वरच्या बॉयलर सूटवर घासून ते स्थिर विद्युत साठवतात आणि दिवसभर रेडॉनची अपत्ये गोळा करतात. लोकरीची टोपी, फ्लीसचे जाकीट आणि तेल न लावलेले कोरडे मोठे केस यांचीही तीच गत आहे. काम संपल्यावर हेल्मेट ओलसर कापडाने पुसावे, म्हणजे त्यावरचा प्रभार आणि धूळ दोन्ही निघून जातात. कापड मात्र नंतर मोजून ठरवलेल्या पिंपातच टाकावे.

केंद्राच्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी अधिक परिणामकारक असतात. मॉनिटर जिथे ठेवले आहेत ती खोली तळघरात नसावी, तिच्यात गाळलेली बाहेरची हवा किंचित जास्त दाबाने येत राहावी आणि तिचे दार बंद राहावे. सूक्ष्म धुळीचे फिल्टर रेडॉन वायूला अडवत नाहीत, पण त्याच्या अपत्यांना अडवतात, आणि कपड्यांना चिकटणारी तीच असल्यामुळे फिल्टरचा मोठा उपयोग होतो. तीच हवा पुन्हापुन्हा फिरवत राहिल्यास मात्र राहिलेल्या वायूतून नवी अपत्ये तयार होत जातात, म्हणून ताज्या हवेला पर्याय नाही. कोरड्या हवामानात कपडे बदलण्याच्या खोलीतील आर्द्रता थोडी वाढवावी. बॉयलर सूट धुताना शेवटच्या पाण्यात कापड मऊ करणारे द्रव्य घातल्याने स्थिर विद्युत कमी होते, तरी त्या द्रव्याचा सांडपाण्याच्या प्रक्रियेवर काय परिणाम होईल हे आधी रसायन विभागाला विचारावे. कंटेनमेंट बराच काळ बंद राहिल्यानंतर पहिले पथक आत सोडण्याआधी वायुवीजन काही तास चालवता आले तर पहिल्या पाळीचे निम्मे त्रास वाचतात.

नोंद कशी लिहावी

वहीत फक्त "रेडॉन" असे लिहिलेली ओळ मला कधीच मान्य नव्हती. नोंदीत अलार्मची वेळ आणि मॉनिटरचा क्रमांक असावा, त्या वेळचा बॅकग्राउंड असावा, शरीराच्या आकृतीवर काउंटांच्या जागा असाव्यात, माणूस कुठे आणि किती वेळ काम करत होता ते असावे, कपड्याचा धागा कोणता ते असावे, ०, ३०, ६० आणि ९० मिनिटांचे निव्वळ काउंट त्यांच्या वेळांसह असावेत आणि शेवटची मोजणी बॅकग्राउंडशी जुळली का ते स्पष्ट शब्दांत असावे. कागदाची चाचणी घेतली असेल तर तिचे दोन्ही आकडे लिहावेत. वर्णपट घेतला असेल तर त्याची छापील प्रत डकवावी. मोजणी अर्धवट राहून पाळी बदलली, तर "तपास चालू" असे लिहून पिशवी आणि वही दोन्ही पुढच्या तंत्रज्ञाच्या हातात द्यावी आणि त्याची सही घ्यावी. ज्या माणसाला थांबवले होते त्याला शेवटचा आकडा दाखवून तो काय सांगतो ते समजावून द्यावे, त्याची टोपी किंवा शर्ट त्याच्या हातात द्यावा आणि उद्या येताना सुती बनियन घालून येण्यास सांगावे.